उत्तमसिंगाने न पुसलेले चित्र

पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला, जेथे ट्रकवाले आपल्या गाड्यांना क्षणभर विसावा देतात, तेथील एका चहाच्या टपरीच्या मागे, टिनाच्या छपराखाली, दर रविवारी सकाळी चार छायाचित्रकारांची सभा भरत असे. छायाचित्रकार म्हणजे पोटापाण्याचे नव्हेत. हौस माणसाला पोसत नाही, माणसालाच हौस पोसावी लागते, हे त्या चौघांच्याही घरच्या मंडळींना पुरते ठाऊक होते.

सभेचे अध्यक्ष नागोराव. एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. घंटीची दोरी सुटली तरी आवाजातली जरब सुटली नव्हती. दुसरा राजदीप, ज्याचे खिळे-मोळ्यांचे दुकान होते आणि ज्याच्या क्यामेऱ्याला हाताच्या कोपराएवढी लांब लेन्स होती. तिला सर्वजण तोफ म्हणत. तिसरी पायल, सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी तरुणी. आणि चौथा उत्तमसिंग, केळापूरच्या अलीकडील बंजारा तांड्यावरचा कास्तकार, ज्याची ही कथा आहे.

या सभेची एक रीत होती, तिला ते पुसणी म्हणत. प्रत्येकाने आठवड्यातले एकच चित्र दाखवावे. बाकीच्या तिघांनी ते पाहावे. तिघांचेही मत "पुसा" असे पडले, तर ज्याचे चित्र त्याने तेथेच, सर्वांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या अंगठ्याने ते पुसून टाकावे. घरी नेऊन लपवून ठेवणे नाही, "एवढ्या वेळेस राहू द्या" म्हणणे नाही. या रीतीने माणसाचा लोभ झडतो आणि नजर धारदार होते, असा त्यांचा विश्वास होता. आजवर कोणीही नाही म्हटले नव्हते.

आणि पुसणीचा पहिला नियम असा होता की निसर्गाच्या चित्रात माणूस नको. माणसाचा हात नको, सावली नको, विजेची तार नको, दावणीचा बैलसुद्धा नको. हा नियम दुसऱ्या कोणी नव्हे, खुद्द उत्तमसिंगानेच घातलेला होता. नागपूरच्या एका स्पर्धेतून त्याचे मोराचे चित्र परत आले होते, कारण कोपऱ्यात कोणाचे तरी पागोटे दिसत होते. तो घाव त्याने नियम करून सर्वांच्या माथी मारला होता.

त्या रविवारी सभा रंगात होती. जानेवारीत राजस्थानातल्या भरतपूरला पक्षी टिपायला जाण्याचा बेत ठरत होता, आणि चौघांच्या चित्रांचे नव्या वर्षाचे कॅलेंडरही छापायचे होते.

"राजदीप, तुह्या तोफेले बुरशी लागली म्हणते?" नागोरावांनी बशीत चहा ओतीत विचारले.

"बुरशी लागो माह्या दुश्मनाले, काका. पावसाळाभर तांदळाच्या डब्यात ठेवली होती."

"वहिनीनं खिचडीत नाही टाकली म्हणजे नशीब," पायल म्हणाली.

"हास तू. भरतपूरले गेल्यावर माह्याच तोफेतून पाहशीन."

"भरतपूरले जानेवारीत धुकं राह्यते," नागोराव म्हणाले. "धुक्यात काय काढसान, कापूस?"

"धुक्यातच तं सारस खुलून दिसते, काका. अन् आपल्या उत्तमभाऊले बोला ना, तो गाडीत बसल्यापासून झोपते. मागच्या वेळी बोरगाव धरणावर सारे पक्षी उडून गेले, अन् हा म्हणते, कोणी आलं होतं का?"

सर्व हसले. उत्तमसिंगही हसला, परंतु त्याचे हसू ओठांपुरतेच होते. त्याच्या मांडीवरील क्यामेऱ्यात जे चित्र होते त्याने त्याची झोप उडविली होती.

त्या चित्राचा वृत्तांत असा. नाल्याकाठच्या त्याच्या वावरात रोज झुंजूमुंजू होताच एक रोही, म्हणजे नीलगाय, येत असे. नर, अंगाने निळसर काळा, मानेखाली केसांचा झुबका, जणू इजारदारच. तो तुरीचे शेंडे आणि कोवळ्या शेंगा सावकाश खाई. दुसरा कास्तकार असता तर फटाके फोडता. उत्तमसिंगाने मात्र बायकोला, पुष्पाला, विनविले की मला मनासारखा फोटो मिळेपर्यंत त्याला हाकलू नको.

"काहून?" पुष्पाने विचारले होते. "तो तुमच्या मामाचा पोरगा हाये का?"

तथापि तिने नवऱ्याचे मन राखले. नाल्याकडची तास, म्हणजे तुरीची एक ओळ, तिने रोह्याच्या नावाने सोडली. उत्तमसिंग बांधाआड बारदाना पांघरून पडून राही. एके दिवशी धुके आडवे आले, एके दिवशी त्याचाच खोकला आडवा आला. रोही मात्र नित्यनेमाने येई आणि एक तास संपवून दुसऱ्या तासेला लागे. अखेरीस एका सकाळी ऊन असे तिरपे आले की रोह्याच्या पाठीवर रुपेरी काठ चढला. त्याने मान वर केली. उत्तमसिंगाने श्वास रोधला. आणि त्याच क्षणी बांधावरून, गोफण गरगर फिरवीत, गोरबोलीतल्या ठेवणीतल्या शिव्या हासडीत, पुष्पा धावत आली. बोटाला अक्कल नसते. ते खटका दाबून मोकळे झाले.

"सत्यानाश केला!" तो ओरडला होता.

"सत्यानाश तुरीचा झाला," ती धापा टाकीत म्हणाली होती. "तुमचं काय गेलं?"

परंतु घरी येऊन त्याने ते चित्र उघडले आणि तो पाहतच राहिला. रोह्याचे पुढले पाय वळलेले, मागले अजून तुरीत. पुष्पाचा एक पाय जमिनीवर, एक अधांतरी. उजवा हात डोक्यावर, गोफणीची एक दोरी सुटलेली. पदर खांद्यावरून उडालेला आणि तोंड असे उघडे की शिवी ऐकू यावी. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण बायको रागावलेली कशी दिसते हे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. कारण ती रागावली की तो मान खाली घालीत असे.

"चाला, उत्तमसिंग," नागोराव म्हणाले. "पुढे या. दाखवा."

त्याने क्यामेरा मेजावर ठेवला. तिन्ही डोकी खाली झुकली. मागे एका ट्रकाने भोंगा वाजविला.

"उजेड एक नंबर," राजदीप म्हणाला. "रोहीबी चौकटीत तुटला नाही कोठी. पण वहिनी आली ना बावा मधात. पुसा."

"पुसा," नागोराव म्हणाले. "मले वाईट वाटते, पण नियम म्हणजे नियम."

पायलने क्यामेरा आपल्याकडे वळवून पाहिला. मग तिने शांतपणे म्हटले, "पुसा."

तिघांची मते पडली. रीतीप्रमाणे आता अंगठा हलायचा. उत्तमसिंगाने क्यामेरा उचलला, पाहिला, आणि गळ्यात अडकवला.

"पुसत नाही," तो म्हणाला.

"मजाक करून राह्यला का?" राजदीप हसला.

"मजाक नाही. हे चित्र मी पुसत नाही. आज नाही, उद्या नाही."

नागोरावांची बशी हातातच राहिली. "अरे, नियम तुह्याच तोंडचा हाये! तूच म्हणाला होता, माणूस दिसला का चित्र बाटलं."

"म्हणालो होतो. चुकलो होतो."

तेव्हा पायल बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. "उत्तमकाका, माह्या खंड्याचं काय मंग? विहिरीच्या दोरावर बसला होता, अन् कोपऱ्यात माह्या आजीचा हात होता. नुसता हात. राजदीपदादा म्हणे राहू द्या. तुमीच अडून बसले, त्याले पुसा म्हणायले लावलं. मी पुसलं. आता आजीबी गेली. तिचा तो हात माह्यापाशी कायले नाही?"

सत्याचे असेच असते. ते समोरून येते तेव्हा बाजूला सरकायला जागा देत नाही. उत्तमसिंगाचा चेहरा उतरला. तरी त्याने गळ्यातला पट्टा सोडला नाही.

"ते पाप माह्यं हाये, पायल," तो म्हणाला. "तू म्हणशीन तं तुह्या पाया पडतो. पण एक हात मी पुसवला, म्हणून दुसरा आता पुसू का? हे काही फिटंफाट नाही होत."

"वा रे न्याय!" राजदीप मेजावर हात आपटून म्हणाला. "आमचे पुसा, तुमचे ठेवा. असं असन तं कॅलेंडरात याचं चित्र नाही, अन् भरतपूरलेबी हा नाही. बोला काका."

त्याच वेळी पुष्पा तेथे आली. ती आठवडी बाजारातून सामान घेऊन आली होती आणि तिला घरी न्यायचे काम उत्तमसिंगाचेच होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि चौघांच्या तोंडांकडे पाहिले.

"काय झालं? कोणी मेलं का?"

"मेलं नाही, वहिनी," नागोराव म्हणाले. "बसा. तुमचाच विषय हाये. चित्रात माणूस आला तं ते पुसाचं, असा आमचा नियम हाये. अन् हे पुसत नाही म्हणते."

"माणूस कोणता?"

उत्तमसिंगाने क्यामेरा तिच्यापुढे धरला. पुष्पाने ते चित्र आजवर पाहिले नव्हते. तिने पडद्यावर हाताची सावली केली.

"अगं याडी! माय वं! थोबाड पाहा माह्यं! अन् पदर कोठी गेला?"

"म्हणूनच म्हणतो," नागोराव आशेने म्हणाले, "पुसलेलंच बरं."

"काहून पुसता?" पुष्पा ताठ झाली. "तुमाले रोही अन् माणूस एका जागी नाही पायजे ना? मंग रोही पुसा. वावर माह्यं हाये. तूर मी पेरली, मी निंदली. तो आयतोबा हाये."

"रोही पुसला तं निसर्ग काय राह्यते, वहिनी?" राजदीपने विचारले.

"मी राह्यतो ना!"

टपरीवाला भट्टीपाशी खो खो हसला. पण पुष्पाचा मोर्चा आता नवऱ्याकडे वळला होता.

"अन् तुमी? एवढे दिवस त्या रोह्याले माही तूर चारली. अन् चित्रात मी आली, तं ठेवू का पुसू हे या लोकायले इचारता? मले इचारलं?"

"नाही," उत्तमसिंग म्हणाला.

"मंग इचारा."

भर रस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत, उत्तमसिंगाने आपल्या बायकोला विचारले, "ठेवू?"

पुष्पाने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले. या खेपेला पदराकडे नाही, त्या वर गेलेल्या हाताकडे.

"ठेवा," ती म्हणाली. "अन् चाला आता. टमाटे चेंदून राह्यले."

नागोरावांनी घसा साफ केला. त्यांना उत्तमसिंग प्रिय होता, परंतु विनातिकीट माणूस गाडीत बसवायची त्यांना सवय नव्हती. "उत्तमसिंग, मंग भरतपूर तुह्यासाठी नाही. नियम मोडणाऱ्याची जागा सभेत राह्यत नाही."

"भरतपूर नाही तं नाही," उत्तमसिंग पिशवी उचलीत म्हणाला. "पण सभा मी सोडत नाही. टपरी काही तुमच्या नावावर नाही. पुढच्या रविवारी मी येथीच येईन, याच बाकावर बसीन, अन् हेच चित्र दाखवीन. तुमी पुसा म्हणसान, मी नाही म्हणीन. त्याच्या पुढच्या रविवारीबी हेच. पाहू कोणाचं तोंड आधी दुखते."

आणि तो बोलला तसा वागला. पुढच्या रविवारी तो आला, "जय सेवालाल" म्हणाला, नागोरावांनी हुप्प तोंडाने "जय भीम" म्हटले, आणि पाळी येताच त्याने तेच चित्र मेजावर ठेवले. तिघे म्हणाले, पुसा. तो म्हणाला, नाही. त्या पुढच्या रविवारी तसेच झाले. ते कॅलेंडर त्याच्या चित्राविना छापून आले. तिघे भरतपूरला गेले आणि तो रविवार उत्तमसिंगाने रिकाम्या बाकांसमोर एकट्याने साजरा केला. चित्र त्याने टपरीवाल्याला दाखविले. टपरीवाला सभासद नव्हता, म्हणून त्याला मत नव्हते. तरी तो "लय भारी" म्हणाला.

तिघे परतले तेव्हा सभा पुन्हा भरली. राजदीपने धुक्यातला सारस दाखविला. चित्र सुरेख होते, आणि उत्तमसिंगाने खुल्या दिलाने तसे म्हटले. मग त्याची पाळी आली. पुष्पा पुन्हा मेजावर उभी राहिली, गोफण उगारून.

"पुसा," नागोराव सवयीने म्हणाले.

राजदीप काही बोलण्याआधी पायल म्हणाली, "मी नाही म्हणत पुसा. लय दिवस म्हटलं. मले काही बरं नाही वाटलं त्यानं."

राजदीप चित्रावर झुकला होता. त्याचे नाक पडद्याला लागायचे राहिले होते. "हा काळा ठिपका म्हणजे दगड हाये का? हवेतला? बावा, अन् थांबला कसा एवढा? शटर किती ठेवलं होतं?"

"पुसा म्हटलेल्या चित्राचं शटर इचारू नाही," उत्तमसिंग म्हणाला.

"सांग ना बे!"

"आधी मत माघारी घे."

राजदीपने कान खाजविला आणि उत्तर टाळले. पण पडद्यावरून डोळे काही काढले नाहीत.

नागोराव बाकावर सरळ बसले. त्यांच्या मुद्रेवर सुटकेचा भाव होता, कारण वाट सापडली होती. "हे पाहा, पायलचं मत फुटलं. तिघांचं एकमत राह्यलं नाही. म्हणजे आता चित्र नियमानंच राह्यलं. झालं, मिटलं. उत्तमसिंग, तू आता नियमात हाये."

कोणीही शहाणा माणूस येथे हात जोडता आणि चहा मागविता. उत्तमसिंगाने क्यामेरा उचलून नागोरावांच्या पुढ्यात, अगदी बशीला खेटून ठेवला.

"नाही काका," तो म्हणाला. "हे नियमानं नाही राह्यलं. मी ठेवलं, अन् तिनं ठेव म्हटलं, म्हणून राह्यलं. तुमचा तो नियम माह्याच तोंडातून निंघाला होता. आज तो मी याच तोंडानं मोडीत काढतो. ज्याले पुन्हा बसवाचा असन, त्यानं आपल्या नावानं बसवावा. तोवर दर रविवारी हेच चित्र."

नागोरावांनी बशी थोडी बाजूला सरकविली, क्यामेऱ्याला जागा व्हावी इतकीच.