जोडीतली दुसरी किडनी

त्रिपुरसुंदरीनं धाकट्या भावाला, गिरीधरला, किडनी दिली तेव्हा दोघांचं सख्य होतं. पुढे काय बिनसलं कोण जाणे, हल्ली ती दोघं बोलतही नव्हती. अण्णा नगरच्या इस्पितळातल्या डॉक्टर सौम्यानं एकाच सकाळी बोलावलं, म्हणून समोरासमोर आली एवढंच. दात्याकडे उरलेली किडनी आणि दुसऱ्याच्या पोटात गेलेली तिची जोडीदारीण, या दोघींतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कशा आहेत, त्या किडन्या ऑक्सिजन किती वापरतात, यावर सौम्याचं संशोधन चाललं होतं.

गिरीधर मधे एक खुर्ची सोडून बसला. त्याच्या पायांवर सूज होती.

"पाय बघितलेस का स्वतःचे?" तिनं विचारलं.

"मशीन बघेल. तू नको बघूस."

दोघांचे स्कॅन झाले. दोघांचीही हरकत नव्हती, म्हणून सौम्यानं चित्रं शेजारी शेजारी लावली. त्रिपुरसुंदरीच्या किडनीत वाहिन्यांचं जाळं पार काठापर्यंत दाट होतं. गिरीधरच्या चित्रात काठाकडे नुसतंच काळं.

"इथे रक्त नीट पोचत नाही," सौम्या म्हणाली. "ऑक्सिजनचा वापरही घटलाय. कारण एवढ्यावरून कळणार नाही, तुकडा काढून तपासावा लागेल. नवी किडनी टिकवायच्या गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

गिरीधरनं सुजलेले पाय खुर्चीखाली ओढले. त्रिपुरसुंदरीचा हात आपसूक कुशीवरच्या व्रणाकडे गेला.

"त्या विचारताहेत, गिरी."

"निम्म्या घेतो," तो शेवटी म्हणाला. "पुऱ्या घेतल्या की हात थरथरतात. ओरगडमच्या कारखान्यात माझं काम मोजमापाचं. थरथर बघून मला तिथून उठवलं, गोदामात बसवलं."

"हे तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं," सौम्या म्हणाली. "औषध बदलता आलं असतं."

त्रिपुरसुंदरीला पुढचं ऐकूच आलं नाही. "माझं पोट फाडून दिली ती! आणि तू निम्म्या गोळ्या खातोस?"

"बघा, बोललीच!" तो ताडकन उठला. "लग्न असो, बारसं असो, अस्की, सगळ्या लोकांना हेच सांगत फिरतेस. मी ताटावर बसलो की माझं मीठ बघतेस. माझं जेवण नाही, तुझी वस्तू कशी ठेवलीय ते बघतेस!"

"मग काय नीट ठेवलीस?"

"पोदुम, अक्का! पुरे झालं! काढून घे परत!"

सौम्यानं तिला बाहेर बसायला सांगितलं. ती बसली नाही, तडक घरी गेली.

गिरीधरला त्याच दिवशी दाखल केल्याचं तिला आईकडून कळलं. ती भेटायला गेली नाही. त्यानंही निरोप धाडला नाही.

वर्षभरानं तिला पुन्हा स्कॅनला बोलावलं. या वेळी ती एकटीच होती. तिचं चित्र उत्तम आलं.

"त्याचं दाखवा," ती म्हणाली.

सौम्या अवघडली. "ते गेल्या आठवड्यात येऊन गेले. पण तुम्हाला दाखवू नका म्हणालेत. काही सांगूही नका म्हणालेत."

त्रिपुरसुंदरी उसळली. "माझीच किडनी आणि मलाच दाखवायची नाही? मग माझंही त्याला दाखवायचं नाही!"

"त्यांनी मागितलंच नाही," सौम्या हळूच म्हणाली.

त्रिपुरसुंदरीनं पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"चालत आला होता ना?"

"काहीच सांगू नका म्हणालेत," सौम्या म्हणाली. त्रिपुरसुंदरीनं दार जोरात लावून घेतलं.