शिलाई घरचीच

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला तो त्या दुपारी तिसऱ्यांदा. समोर दादाची वही होती आणि वहीत सगळं कसं छान दिसत होतं. एका दप्तराला कापड, चेन, दोरा, पट्टे धरून तीनशे दहा. शाळेला दर तीनशे साठ. नफा पन्नास. चारशे दप्तरांचे वीस हजार, खाली ठसठशीत दोन रेघा. चार वाजता शाळेचा माणूस करारावर सही घ्यायला येणार होता. एकदा सही झाली की चारशेही दप्तरं त्याच दराने देणं भाग होतं.

"सहीआधी एक नजर टाक," म्हणून दादानेच बोलावलं होतं. नजर टाकायला म्हणजे वाहवा करायला, हे तिला आता कळून चुकलं होतं.

"दादा, यात शिलाई कुठाय?"

"शिलाई तुझी वहिनी करते ना."

"करते, पण वहीत कुठाय?"

"वहीत कशाला? घरचंच काम आहे."

"आणि वीज?"

"मशीन घरात, बिल घरात. तेही घरचंच."

खिशातून नोट बाहेर गेली तरच तो खर्च, असा दादाचा कायदा. धाकटी लोकांचे हिशेब तपासून पोट भरायची. परक्यांना एकदा सांगितलं की कळायचं. सख्ख्या भावापुढे मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

तिने मशीनवर बसलेल्या वहिनीलाच विचारलं, "दिवसाला किती होतात गं?"

"पाठ मोडेपर्यंत बसले तर चार."

"ऐकलंस? चार दप्तरांचे दोनशे उरतात. दोनशेत कुठला शिंपी दिवसभर बसेल?"

"शिंपी ठेवतोय कोण? वहिनी थोडीच पैसे मागते!"

धाकटीला वही त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली. "अरे, मग हा नफा नाही! तिची मजुरी आहे ही, आणि तीही अर्धीमुर्धी. तू कमावतोयस काय? शून्य!"

"तुम्हा हिशेबवाल्यांना सोन्यातही खोट दिसते."

मशीन थांबलं.

"वळणावरच्या कारखान्यात मला पाचशे रोज द्यायला तयार आहेत," वहिनी म्हणाली. "दोनदा निरोप आला. तुमचा धंदा बसेल म्हणून मी नको कळवलं."

दादाने पेन्सिल उचलली. पाचशे भागिले चार, सव्वाशे. तीनशे दहात मिळवले, चारशे पस्तीस झाले. वीज अजून बाहेरच होती, पण धाकटीने जीभ आवरली.

"एवढ्याला शाळा घेणार नाही," तो पुटपुटला.

"नको घेऊ दे. सोमवारपासून मी तिकडे जाईन. तिथे तोटा झाला तर मालकाचा तरी होईल. इथे दोन वर्षं मी भरतेय, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावभरच्या वह्या तपासल्या तिने, पण या घरातली आज पहिल्यांदा उघडली होती.

दारावर थाप पडली. शाळेचा माणूस कागद घेऊन उभा होता. दादा त्याला बसासुद्धा म्हणाला नाही.

"दर चुकलाय, साहेब. शिलाई धरायची राहिली."

"बरं. किती होते शिलाई?"

आकडा वहीत लिहिलेला होता, अगदी ताजा. दादाने वही मिटली आणि मशीनवरची वहिनी दिसेल असा तो दारातून बाजूला झाला.

"त्यांना विचारा," तो म्हणाला.