सूर्यमाळच्या वाटेवरचे मोहाचे झाड

मित्रांनो, मी एक जुना मोह आहे. सूर्यमाळच्या बाजूला एक लहानसा पाडा आहे. तिथून झऱ्याकडे जाणारी पायवाट माझ्या बुंध्याला वळसा घालून पुढे उतरते. माझी बी इथे कोणी लावली नाही. एखाद्या वटवाघळाने फळ खाऊन टाकून दिली असेल. आपला जन्म कुणाच्या तरी उष्ट्यातून झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एके काळी या माळावर मला सोबत होती. ऐन होते, हेद होते, बोंडारे होते. वारा सुटला की आमच्या फांद्या एकमेकांना लागायच्या. मग घरांना वासे हवे झाले, चुलीला सरपण हवे झाले आणि एकेक सोबती गेला. माझ्यावर मात्र कोणी कुऱ्हाड उचलली नाही. माझी फुले वेचून वाळवता येतात, बियांचे तेल निघते, मग मला कोण तोडणार? मी वाचलो याचा मला फार दिवस आनंद होता. पुढे कळले, की आता या उघड्या माळावर उंच असा मी एकटाच उरलो आहे. बोलायचे तरी कोणाशी, मित्रांनो?

म्हणून मी उन्हाळ्याची वाट बघायचो. चैत्र सरता सरता मला नवी पालवी फुटते आणि वैशाखात माझी सावली दाट होते. झऱ्यावरून पाणी आणणाऱ्या बाया माझ्याखाली हंडे उतरवायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, सासरमाहेरच्या गोष्टी काढायच्या. त्यांत रामी नावाची म्हातारी माझी सगळ्यांत जुनी ओळखीची. परकर नेसायच्या वयापासून ती माझ्या एकाच मुळीवर बसत आली. तिची सून उज्ज्वला गावची आशाताई. ती बसायची कमी आणि लोकांना समजावत फिरायची जास्त.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख मी विसरणार नाही. सकाळी आठलाच दगड चटके देत होते. माळावर चर खोदायचे काम चालू होते. उज्ज्वलाने सगळ्यांना बजावले होते, की काम पहाटे धरा, अकराच्या आत सोडा, तहान नसली तरी पाणी पीत राहा, डोक्याला ओले फडके बांधा, घरून आंबील आणा. ढवळू नावाचा गडी त्यावर हसला.

"आमाला काय ऊन नवीन हाय? आमी उन्हातच वाढलो," तो म्हणाला आणि बाकीचे घरी गेले तरी दुपारपर्यंत खोदत राहिला.

शेवटी त्याचा घाम सुकला, तो असंबद्ध बडबडू लागला आणि चराच्या कडेला कोसळला. लोकांनी त्याला उचलून माझ्या सावलीत आणले. उज्ज्वला धावत आली. तिने त्याचे कपडे सैल केले, हंडा त्याच्या अंगावर ओतला, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवली, बायांना पदराने वारा घालायला लावले. एकाने त्याच्या तोंडाला तांब्या लावला, तो तिने बाजूला सारला.

"शुद्धीत नाय तो. आता पानी घातलं तं छातीत जाईल. जीप बोलवा आदी."

जीप आली. वाटभर ओली फडकी लावत त्याला दवाखान्यात नेले. ढवळू वाचला.

पण श्रेय कोणाला मिळाले? मला. रामी पाड्यावर घरोघर सांगत सुटली, "मोहानं राखला त्याला." तिने माझ्या बुंध्याला कुंकू लावले, नारळ फोडला. खोटे कशाला बोलू, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले. उज्ज्वलाचे नाव कोणी काढले नाही आणि त्याचे मलाही काही वाटले नाही. त्या फुशारकीची शरम मला आठच दिवसांत वाटली.

त्याच आठवड्यात एका दुपारी चारच्या सुमारास घाटाच्या बाजूने काळे ढग चढले. रामी आणि उज्ज्वला भरलेले हंडे घेऊन वर येत होत्या. झऱ्यावर दोन तास थांबून मिळालेले पाणी होते ते. ढग गडगडले तशी रामी सरळ माझ्याखाली आली, हंडे उतरवून आपल्या मुळीवर बसली.

"आये, ऊठ," उज्ज्वला म्हणाली. "ह्या झाडाखाली नको."

"का? ढवळूला राखला, माला नाय राखायचा?"

"ढवळूला पान्यानं राखला, दवाखान्यानं राखला. ह्यानं सावली दिली तेवढीच. माळावर हाच एक उंच हाय. ईज पहिली ह्याच्यावर येल."

"जलमभर हितं बसली मी. आन् हे पानी टाकून जाऊ? परत कोन भरल?"

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. सोबतीसाठी झुरणारा मी, पण त्या क्षणी मला एकच हवे होते, की रामीने उठून जावे. फांदी मोडून घ्यावी, पाने झोडून घ्यावीत, काहीही करून तिला हाकलावे असे वाटत होते. आमच्या जातीला ते करता येत नाही. आम्हाला फक्त उभे राहता येते.

पुन्हा लखकन चमकले आणि लगेच कडाडले. उज्ज्वलाने आपले हंडे खाली ठेवले आणि ती सासूच्या शेजारी येऊन बसली.

"तू नाय उठत तं मीबी हितंच बसते. घरी राहीला काय ते कोनीतरी सांगल."

राही म्हणजे उज्ज्वलाची चार वर्षांची लेक. रामीने सुनेकडे पाहिले. स्वतःसाठी ती हलली नसती. "लई हट्टी हाय ही," असे पुटपुटत ती गुडघ्यावर हात देऊन उठली. अंगणवाडीची पक्की इमारत टेकडीपलीकडे होती, तिथवर पोचायला वेळ नव्हता. दोघी खालच्या खोलगट खाचरात उतरल्या. उज्ज्वलाने सासूला टाचा जुळवून उकिडवे बसवले, कानांवर हात ठेवायला लावले आणि स्वतः दहा पावले दूर तशीच बसली.

त्या बसल्या असतील-नसतील, वीज माझ्यावर पडली. शेंड्यापासून मुळापर्यंत माझी साल फाटली. मोठी फांदी तुटून त्या मुळीवर कोसळली. चारही हंडे चेपले, पाणी वाहून गेले. गडगडाट थांबल्यावरही अर्धा तास उज्ज्वलाने सासूला उठू दिले नाही. मग रामी वर आली, हंडे पाहिले, आपली जागा पाहिली आणि सुनेला घट्ट धरून रडली.

माझे अर्धे अंग वाळून गेले. वीज पडलेले झाड म्हणून बाया आता पुढच्या वळणावर विसावतात. दिवसचे दिवस माझ्याखाली कोणी येत नाही. नाही म्हटले तरी वाईट वाटते.

या वैशाखात एका दुपारी रामी मात्र आली. उरलेल्या टिचभर सावलीत बसली, पाणी प्यायली. मला वाटले, आता चार घटका तरी बोलेल. तेवढ्यात फार दूर ढग गुरगुरले, इतके दूर की मलाच भास वाटला. ती लगेच उठली.

"निघते बाबा. तुज्यावर पडायची ती पडो, मी नाय थांबायची," माझ्या बुंध्यावर हात टेकून ती म्हणाली आणि अंगणवाडीच्या वाटेला लागली.

मित्रांनो, उन्हात खुशाल आमच्याकडे या, आम्हाला तोडू नका, चार नवी झाडे लावा. पण गडगडले की आमची माया करू नका, पक्के घर गाठा. त्या दिवशी रामी टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली, तोवर मी तिच्याकडे बघत होतो. नंतर पाऊस आला, विजा झाल्या. माझ्याखाली कोणीही नव्हते, आणि पहिल्यांदाच मला ते बरे वाटले.