नारळ उचलेपर्यंत

मी पेडण्याला मामलेदार कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, रडगाणी तीच. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, जन्माचे दाखले, भावाभावांचे बांध. माझं नाव कृष्णनाथ, आणि कृष्णनाथ तिरसट आहे असं सगळी कचेरी म्हणते. कचेरी बाकी कशात खरी नसेल, ह्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात देवकी आली, इब्रामपूरच्या पुढच्या एका वाड्यावरची. बरोबर तिचा मुलगा संदीप, अठ्ठावीस वर्षांचा. तो डिचोलीकडे खनिजाचा टिपर चालवायचा. डिझेल चोरल्याच्या संशयावरून मार्चमध्ये त्याला पोलिसांनी उचललं, दोन दिवस ठेवलं आणि चोर दुसराच सापडल्यावर सोडून दिलं. घरी आला तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांवर इतकं मारलं होतं की पडदे फाटले. टिपर गेला, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि गाव अजून म्हणत होतं, काहीतरी केलं असेल म्हणूनच नेला ना!

"माका पैशे नकोत," देवकी म्हणाली. "ह्याका मारल्यानी आणि ह्यो चोर न्हय, इतक्या कोणीतरी कागदार लिवन देवंदे. तो कागद गावलो की मी देवळात वाचून घेतलंय."

पणजीला मानवी हक्कांच्या तक्रारी ऐकणारा आयोग आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथे वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. मी जीव ओतून लिहिला. देवकीला वाचता येत नव्हतं आणि तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जावर माझा नंबर घातला. तो घातला नसता तर बरं झालं असतं.

मारणाऱ्यांतला एक हवालदार देवकीच्याच वाड्यावरचा, आणि त्याचा काका देवळाचा गावकर, म्हणजे मानकरी. जूनमध्ये काका देवकीच्या घरी आला. म्हणाला, गावचं गाऱ्हाणं गावच्या देवापुढे घाल, माझा पुतण्या खोटा असेल तर देवच सांगेल. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवला, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, कौलासाठी देवाच्या पाषाणाला फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवकी खरी, डावी पडली तर हवालदार. संध्याकाळपर्यंत एकही पडली नाही. मग ठरलं की जत्रेला पुन्हा विचारायचं आणि तोवर नारळ देवाकडेच राहील. काका लबाड होता असं म्हणून मी मोकळा झालो असतो, पण लोक सांगतात की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतः पाण्याचा थेंबही घेतला नाही.

आमच्याकडे हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी शेंबडं पोरसुद्धा पाळतं. नारळ देवापुढे आहे तोवर ते भांडण देवाचं. ते घेऊन दुसऱ्या दारात जायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही.

जुलैत आयोगाचं पहिलं पत्र आलं. पोलिसांनी अहवाल दिला होता की आरोपी घाबरून पळताना पडला. त्यावर देवकीनं आपलं म्हणणं द्यायचं होतं. हे मला आयोगातून आलेल्या फोनवरून कळलं, म्हणून मी बस बदलत तिच्या वाड्यावर गेलो. तिनं पोस्टमनकडे सही करून पत्र घेतलं होतं आणि न फोडता देवाच्या फोटोपाशी ठेवलं होतं.

"वैनी, फोड तां. दिवस मोजके असत."

"नारळ देवाकडे असा, बाब."

"देव वेगळो, आयोग वेगळो!"

"एका येळार दोन दारांनी उभी रवलंय तर खंयचाच दार माझां नाय." तिनं मला चहा दिला आणि विषय बदलला. संदीप खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, हसला, पुन्हा सोलायला लागला.

ऑक्टोबरात सुनावणी होती. तिला मी निरोप धाडला, चार माणसांकडून सांगितलं आणि त्या दिवशी स्वतः पणजीला जाऊन बाकावर बसलो. नाव तीनदा पुकारलं. तीनही वेळा मी उठलो आणि मी अर्जदार नव्हे असं सांगून बसलो. पुढची तारीख मिळाली. परतीच्या बसमध्ये माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हिच्यासाठी मी कोण? ना सोयरा, ना वकील. माझा धंदा बुडवून मी तिथे बसतो आणि ही देवाच्या कळीकडे बघत बसते!

डिसेंबरात आयोगातून फोन आला. बाई फार नम्र होत्या. तीन पत्रं पाठवली, तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही, अर्जदाराला प्रकरण पुढे चालवायचं आहे ना? समोर दहा माणसं रांगेत होती, प्रिंटर अडकला होता. मी म्हणालो, "तिला काही पडलेली नाही. तुम्हाला काय करायचं ते करा." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा फोन करावा असं वाटलं होतं. सकाळी करू म्हटलं. सकाळी केला नाही. राग होता, अजून काय!

त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर गावकराच्या घरात सुतक आलं. कौल लावता आला नाही. होळीच्या शिगम्यानंतर बघू म्हणाले. पुढच्या एप्रिलच्या एका सोमवारी देवकी माझ्या टेबलासमोर उभी राहिली. नवं लुगडं, केसांत आबोलीचा वळेसर. शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला संदीप.

"उजवो दिल्यान!" ती अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "सगळ्या गावासमोर. हवालदाराचो काका माझ्या झिलाच्या पायार पडलो. नारळ उचललो. आता फोड बाब, आता माझ्या तोंडाक कुलूप नाय."

पिशवीतून तिनं चार पाकिटं काढली. सगळ्यांवर कुंकवाचं बोट ओढलेलं.

चौथं फेब्रुवारीचं होतं. मी तेच आधी फोडलं. इंग्रजीत दीड पान. अर्जदार हजर राहिली नाही, पत्रं मिळूनही उत्तर दिलं नाही, दिलेल्या दूरध्वनीवर चौकशी केली असता तिला प्रकरणात स्वारस्य नसल्याचं सांगण्यात आलं; सबब प्रकरण बंद. घटना वर्षापेक्षा जुनी झाली की नवी तक्रार घेत नाहीत, आणि वर्ष मार्चमध्येच संपलं होतं. आयोगाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर एक गप्प बाई होती आणि एक फोन नंबर होता.

दूरध्वनीची ओळ मी गाळली असती तर तिला कळलं नसतं. मी गाळलीच. एवढंच सांगितलं की तुला आता ही केस नको असं समजून त्यांनी ती बंद केली, आणि आता ती परत उघडत नाही.

देवकीनं कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"माका नको म्हणून त्यांका कोणी सांगल्यान?"

काही खोटी नावं जिभेवर आली होती. पोलिसांचं घेतलं असतं तर तिनं विश्वाससुद्धा ठेवला असता.

"मी," म्हटलं. "मी सांगितलं, वैनी. मला तुझा राग आला होता."

ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. तिनं फक्त कागदाची घडी घातली आणि तो पाकिटात परत सरकवला. मग हळू आवाजात विचारलं, "मगे देवान दिल्लो उजवो मी आता कोणाक दाखवू?"

मी बाकीची तीन पाकिटं गोळा करून तिच्या पिशवीत ठेवली.

संदीप आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होता. बोलणं थांबलं म्हणजे काम झालं असं त्याला वाटलं असावं. त्यानं खिशातून देवळातल्या प्रसादाची पुडी काढली, खडीसाखरेचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरून मोठ्यानं म्हणाला, "देव बरें करूं, बाब!"