सहा दांडे आणि भुरीबाईचा लोटा

पूनमसिंगनं आठ दिवस घोळ घातला होता, आणि घोळ कशाचा, तर सहा लोखंडी दांड्यांचा.

नेरच्या मोटार स्टँडमागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. एकसष्ट सालची दिवाळी होऊन गेलेली, कापूस घरोघरी येऊ लागलेला, आणि दारात उभा होता त्यांच्या तांड्यातला पहिला ट्रक. लष्कराच्या लिलावातला, रंग उडालेला, पण दोघा भावांच्या हक्काचा. चालवणार धाकटा देवसिंग, इंजिन बांधणार थोरला पूनमसिंग. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पायाखाली घातला होता. पुढं रेल्वे आली, लदेणी बंद पडली आणि बंजारे नांगराला लागले. आपल्या घरानं पुन्हा माल वाहायचा, एवढं एकच पूनमसिंगनं मनात धरलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी स्टँडवरचे लोक हसत.

तर दांडे. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनचा धक्का खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या कण्याला, पोचवणारा दांडा. सिलिंडर चार, म्हणून दांडेही चार. ट्रकच्या मूळच्या चारांतले दोन वाकलेले निघाले, दोन साबूत. हे जाडे, रेल्वेच्या रुळासारख्या कमरेचे. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या इंजिनातले चार बारके मिळाले. लांबी तीच, दोन्हीकडची भोकं तीच, फक्त अंगानं सडपातळ. जाडे मार खाणारे, पण जड. बारके हलके, इंजिन चटकन पळवणारे, पण मार किती सोसतील ते देव जाणे.

देवसिंगला पळणारं इंजिन हवं होतं. "भिया, बारके टाक. सपाटीवर वारा पिते गाडी," तो रोज म्हणे. पूनमसिंगच्या डोळ्यांसमोर मात्र यवतमाळकडे चढणारा घाट होता. तिथं दांडा तुटला तर इंजिन जागीच बसेल, भरलेली गाडी मागं घसरेल, आणि गाडीत देवसिंग असेल.

शेवटी त्यानं तोड काढली, आणि तोडीवर स्वतःच खूश झाला. लदेणीत तसंच करत: पुढं घुंगरांचा हलका बैल, मागं दणकट बैल, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणं ओझं. त्यानं पुढच्या दोन सिलिंडरांत बारके टाकले, मागच्या दोनांत जाडे. पळणंही आलं आणि सोसणंही आलं. इंजिन बांधून झाल्यावर हात पुसत तो दिवसभर गुणगुणत होता. असा शहाणपणा बंजाऱ्यालाच सुचायचा, दुसऱ्या कोणा मिस्त्रीला नाही.

सोमवारी सकाळी ट्रक तांड्यावर उभा राहिला. भगवानराव पाटलांचा कापूस भरलेला. दुसऱ्या ट्रकवाल्याला त्यांनी या भावांच्या शब्दावर परत पाठवलं होतं. बॉनेटवर कलश, कलशावर नारळ, आणि कौतुकानं जमलेला सगळा तांडा. फक्त भुरीबाई, या दोघांची आई, लांब दगडावर बसलेली. सत्तरी ओलांडलेली बाई, लहानपणी लदेणीच्या बैलांमागं चाललेली. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "मी नाई बसत बावा त्यात. मले पाय हायेत."

देवसिंगनं इंजिन चालू केलं. हळू होतं तोवर ठीक. त्यानं पायाखालचं दाबलं तसं बॉनेट थरथरू लागलं, नारळ कलशावर गरकन फिरला आणि खाली पडला.

कोणी म्हणालं अपशकुन झाला, कोणी म्हणालं दुसरा नारळ आणा. पूनमसिंगला ठाऊक होतं, नारळाचा काही दोष नाही.

भुरीबाई उठली. मडगार्डवर तळहात ठेवून तिनं थोडा वेळ तसाच राहू दिला.

"याडी, काय पाहून राह्यली?" पूनमसिंगनं विचारलं.

"डुलते हे. कोणावर किती लादलं?"

त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं, पुढं हलके, मागं भारी, आपल्या लदेणीसारखं.

"लदेणीतले बैल सुटे चालत," भुरीबाई म्हणाली. "हे सुटे चालतात का?"

"नाई. चारीही एकाच क्रँकले बांधले हायेत."

"मंग हे चार बैल कायचे, लेका? ह्या तं एकाच बैलाच्या गोण्या झाल्या. एक गोणी भारी, एक हलकी. दोन कोसात पाठ सोलते बैलाची."

पूनमसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. हीच गोष्ट तिनं त्याला पोरपणी शंभरदा सांगितली असेल, आणि त्यानं नेमकी अर्धीच लक्षात ठेवली होती. भर तांड्यासमोर तोंड उघडणं जिवावर आलं होतं, पण उघडलं.

"चूक माही हाय. आज गाडी नाई जात."

देवसिंगचं तोंड उतरलं. "मंग चारीही बारके टाक. सांजेला निघतो."

बारके तयारच होते. सगळी लाज दिवस मावळायच्या आत झाकली गेली असती. पूनमसिंगनं घाटाकडं पाहिलं. तिथं कोण पळणार होतं? पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रखडत चढायचं, आणि तेवढा वेळ पिस्टननं दांड्याच्या डोक्यात घण घालायचे.

"नाई," तो म्हणाला. "जाडेच टाकीन. दोन नागपुरावून आणतो."

"अन् तोवर?"

"तोवर उभी राहीन गाडी."

भगवानरावांनी बैलगाड्या बोलावून कापूस उतरवून घेतला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं पूनमसिंगला वाटलं. देवसिंग त्याच्याशी चार दिवस बोलला नाही.

नागपूरच्या फेरीत आणि शोधाशोधीत दहा दिवस गेले. चार जाडे दांडे फळीवर मांडून पूनमसिंगनं भुरीबाईला गॅरेजात बोलावलं. तिनं डोळे मिटून दोन्ही हातांत एकेक दांडा घेऊन आळीपाळीनं सगळे तोलले, पूर्वी गोण्या तोलायची तसे.

"हा भारी हाय. दोनक तोळे."

सोनाराचा काटा तिथंच आणून ठेवला होता. काट्यानं अडीच तोळे दाखवले. पूनमसिंगनं दिवसभर कानस चालवून तेवढं लोखंड उतरवलं आणि चारही दांडे एका वजनाचे केले.

पुढल्या सोमवारी भगवानराव दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन स्वतःच आले. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. देवसिंगनं इंजिन जोरात दाबलं, नारळ जागचा हलला नाही. आणि मग भुरीबाई, हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा घेऊन, पदर खोचून केबिनमध्ये चढली. देवसिंगनं हसून विचारलं,

"पायांचं काय झालं, याडी?"

"तू सडकेकडे पाह्य," ती म्हणाली.

ती दोघा लेकांच्या मधे बसली, लोटा मांडीवर धरून. घाट लागला. इंजिन घुमत, धापा टाकत, पण एका लयीत चढत राहिलं. पूनमसिंगचा कान दांड्यांवर, नजर लोट्यावर.

माथ्यावर देवसिंगनं गाडी थांबवली. भुरीबाईनं लोट्यात डोकावून पाहिलं.

"अर्धं सांडलं," ती म्हणाली. "पण थे सडकेनं सांडलं, तुया इंजिनानं नाई." आणि लोटा तिनं पूनमसिंगपुढं धरला. "घे, पी आता. सकाळपासून घोटभर पाणी नाई घेतलं तू."