भेटीची वेळ

कावळ्याचं पिल्लू घरात आणणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिलेला नाही. लोक पोपट आणतात, गेला बाजार मांजर आणतात. आमच्या ह्यांनी कावळा आणला. तोही शर्टात पोटाशी धरून, डोक्यावर दोन मोठ्या कावळ्यांच्या टोचा खात, आणि वर तोंडभर हसत. "अगं, फुटपाथवर पडलं होतं. ते दोघं जीव घेत होते त्याचा," म्हणाले.

मी शिलाईकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागे आम्ही दोघं राहतो. हे जन्मभर एका हॉस्पिटलच्या फाटकावर होते. भेटीची वेळ संपली की फाटक बंद, मग बाहेर कुणी का उभं असेना. तिथे ह्यांना सगळे 'कुलूप' म्हणायचे. माझ्याकडे गणवेश शिवायला येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं ते. मी ह्यांच्या कानावर घातलं, तर रागवायचं सोडून खूश झाले.

हे निवृत्त झाले आणि माझे ग्रह फिरले. दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की सुरू. "कुणाकडे? काय काम? आत एक बाई आहेत, त्या बाहेर आल्या की मग." आता पँटची उंची कमी करायला आलेला माणूस काय पास काढून येणार आहे? दोघीतिघी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या त्या गेल्याच. ह्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हणे, शिस्त लागते.

अशात ते पिल्लू आलं आणि ह्यांचं स्टूल दारातून उठून मागच्या खिडकीशी गेलं. माझं चिंध्यांचं खोकं त्याच्या बिछान्याला गेलं. कापड आखायची लांब लाकडी पट्टी कावळे हाकलायला गेली. पण दार मोकळं झालं. किती दिवसांनी मी एक बाही शांतपणे जोडली. मनात म्हटलं, राहू दे कावळा. हत्ती आणला असता तरी चाललं असतं.

ह्यांचं तर ठरलंच होतं. पिल्लू घरातच राहणार, मोठं झालं तरी घरातच. "बाहेर सोडलं की ते दोघं फाडून खातील," हे त्यांचं पालुपद. खिडकी गच्च बंद. बाहेरच्या कट्ट्यावर कावळा बसला रे बसला की हे काचेवर पट्टी आपटायचे. दिवसभर टाक टाक. त्या तालावर माझ्या दोन शिवणी वाकड्या गेल्या, त्याचं काय ते विचारू नका.

पिल्लाला उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेला पाव, सगळं चिमट्यानं भरवणं चाललं होतं. पहिल्या दिवशी त्यानं खाल्लं थोडंफार. मग चोच मिटली ती मिटलीच.

"रुसलंय," हे म्हणाले.

"कावळा रुसतो होय? भूक लागली की खाईल."

पण दुसऱ्या दिवशी दुपारीही ते मान पाडून चिंध्यांत बसलेलं, आणि ह्यांनीही ताट बाजूला सारलं. मी हात टेकले. एकाला चिमट्यानं भरवायचं आणि दुसऱ्याला विनवण्या करून, मग मी दुकान कधी चालवायचं?

दुपारचा चहा घेऊन मागे गेले, तेव्हा हे मोरीत चिमटा धूत होते. कट्ट्यावर एक कावळी येऊन बसली. चोचीत काहीतरी कोंबून आणलेलं. तिनं घशातल्या घशात हळूच आवाज काढला, आणि इकडे मेल्यासारखं पडलेलं पिल्लू उठलं. पंख थरथरवत, लालभडक तोंड वासून काचेकडे धावलं. कालपासून ज्या चोचीला आम्ही विनवत होतो, ती उघडून समोर होती. तेवढ्यात हे आले आणि पट्टी आपटली. कावळी उडाली. पिल्लाची चोच मिटली.

"बघितलंस कसं भेदरलं?" हे म्हणाले.

मला सगळं लख्ख कळलं होतं. पण शब्द ओठांवर आले आणि मी गिळले. पिल्लू गेलं की स्टूल परत दारात येणार, हे मला आधी दिसलं. मुकाट्यानं जाऊन मशीनवर बसले. डावी बाही उजवीकडे जोडून मोकळी झाले. ती उसवताना माझी मलाच चीड आली. मेलं ते दार. इथे लेकरू उपाशी मरतंय आणि मी गिऱ्हाइकं मोजतेय. कात्री टाकून मागे गेले.

"अहो, ती त्याची आई आहे."

"आई अशी टोचा मारते?"

"तुम्हाला मारते. तुम्ही तिचं पोर उचलून आणलंत. तिच्या जागी मी असते तर डोळे काढले असते तुमचे."

"मला शिकवू नकोस. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, ह्यात माझा जन्म गेला."

"गेला ना? मग एकदा पट्टी खाली ठेवा आणि तिच्या तोंडात काय आहे ते नुसतं बघा. डबा आणलाय तिनं."

हे पट्टी मांडीवर आडवी ठेवून बसले. थोड्या वेळानं कावळी आली. चोचीत पावाचा तुकडा. आत पिल्लानं तोंड वासलं, तरी तिची नजर पिल्लावर नव्हती. ती ह्यांच्याकडे बघत होती. पट्टीकडे बघत होती.

"अशाच बघायच्या," हे म्हणाले.

"कोण?"

"पोरांच्या आया. डबा पोटाशी धरून. गरम आहे हो, म्हणायच्या. मी म्हणायचो, वेळ संपली, उद्या या."

"नियमच होता तो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"होता. पण एखादीला सोडता आलं असतं गं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. मला फार वाईट वाटलं त्यांचं, आणि रागही आला, की हे कळायला माझ्या घरात कावळा यावा लागला.

खिडकीची खिट्टी गंजलेली. दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे उघडली. हे खोकं कट्ट्यावर ठेवायला वाकले, तशी कावळीनं येऊन कपाळावर सणसणीत टोच मारली. ह्यांनी हात वर केला नाही. मागे सरून भिंतीला टेकून उभे राहिले. कावळी खोक्याच्या काठावर बसली आणि तिनं सगळा घास पिल्लाच्या घशात रिकामा केला. मग गेली आणि पुन्हा घेऊन आली. ह्यांच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. मी हाताला लागलं ते कापड दाबलं. ते गिऱ्हाइकाचं नवंकोरं अस्तर निघालं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू कट्ट्यावरून समोरच्या झाडावर गेलं. धड उडालं नाही, धडपडलंच, पण आईबाप दोन्ही बाजूंना होते. हे बराच वेळ खिडकीत उभे राहिले. मग रिकामं खोकं माझ्याकडे आणून दिलं आणि स्टूल उचलून दारात नेलं. मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी काम उरकून मी मशीन कापडानं झाकलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. एक बाई धापा टाकत आली. हातात मुलाची शाळेची पँट, सकाळी हवी होती. हे स्टुलावरून उठले. मी मनात म्हटलं, आज तरी ह्यांचा उपयोग होईल.

ह्यांनी शटर वर ढकललं. "या. अजून वेळ आहे."

"वेळ नाहीये," मी आतून ओरडले.

"आहे," हे म्हणाले. त्यांनी स्वतःचं स्टूल आत आणून त्या बाईला बसायला दिलं आणि आपण दारात उभे राहिले.

मी मशीनवरचं कापड काढलं आणि दिवा लावला.