धबधब्याच्या वाटेवरचा दोर

मी दोर बोलतोय. खरं तर दोराचे तुकडे बोलताहेत, पण तुकडे झाले तरी तोंड एकच आहे आणि ते कडूच आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसं समजा.

मी एका कारखान्यात जन्मलो. आत पांढऱ्या धाग्यांचा जुडगा आणि वरून घट्ट विणलेलं निळं आवरण. दुकानदाराने मला रिळावरून मापून कापलं आणि टोकं उसवू नयेत म्हणून लायटरने जाळली. जगात आल्या आल्या चटका बसला. विकत घेणारा मात्र घाईत नव्हता. तो मला बोटांनी इंचाइंचाने चाचपत उभा होता. दुकानदार वैतागून म्हणाला, "दोर घेताय की नाडी तपासताय?"

"नाडीच तपासतोय," तो म्हणाला. "ह्याला लोकांचे जीव टांगायचेत."

तो वाटाड्या होता. दाट जंगलातून लोकांना धबधब्यापर्यंत नेऊन आणायचं, हे त्याचं काम. जंगल असं, की पाऊस थांबला तरी झाडं गळतच राहतात, ऊन वरच्या पानांतच अडकतं आणि जळवा वाटेवर माणसाच्या पायाची वाट बघत असतात. वाटेच्या तोंडाशी त्याच्या बायकोची टपरी होती. ती चिखलात घालायचे रबरी बूट भाड्याने द्यायची आणि जळवांसाठी मिठाच्या पुड्या विकायची. बुटांच्या जोड्या दोराच्या तुकड्यांना टांगलेल्या असत. ते तुकडे म्हणजे माझे पूर्वज.

धबधबा जिथून कोसळतो, त्या कड्याच्या जरा वर ओढा ओलांडावा लागतो. तिथे दोन काठांवरच्या दोन झाडांना वाटाड्याने मला बांधलं. त्याचे नियम पक्के होते. दर पावसाळ्यानंतर नवा दोर लावायचा आणि जुन्याचे हातभर तुकडे करायचे. "अख्खा दिसला की कुणीतरी कुठेतरी बांधणारच," तो म्हणायचा. आणि लोकांना पाण्यात उतरवण्याआधी तो स्वतः काठाजवळ मला लटकायचा, दोन्ही पाय उचलून. लोक हसायचे. तो म्हणायचा, "आधी माझं वजन, मग तुमचं."

मला तो माणूस आवडायचा, सरळ सांगतो. बाकीची माणसंही मी पुष्कळ पाहिली. वाटभर फुशारक्या मारणारा ओढ्यात आला की मला असा आवळायचा की माझाच गळा दाबला जाईल. वाटभर भांडत आलेली नवराबायको इथे मुकाट्याने हात धरायची. पलीकडे गेल्यावर मात्र मागे वळून कुणी माझ्याकडे बघायचं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मग तो दिवस आला. डोक्यावर ऊन होतं, पाऊस दूर वर डोंगरात कोसळत होता. माणसं धबधबा बघून परतत होती आणि रांगेने मला धरून ऐन मध्यावर आली होती. आधी पानं वाहत आली, मग काटक्या, मग पाणी लाल झालं आणि बघता बघता छातीला लागलं. वाटाड्या माझ्या खालच्या अंगाला उभा राहिला आणि एकेकाला ढकलत काठाकडे पाठवू लागला. "खाली बघू नका, माझ्याकडे बघा," तो ओरडत होता. शेवटच्या बाईला काठावरच्यांनी वर ओढलं आणि तेवढ्यात एक ओंडका आला. ओंडका, पाणी आणि तो, तिघांचा भार एकदम माझ्यावर पडला. माझ्या पोटातले धागे कटाकट तुटले. वरचं निळं आवरण तेवढं शाबूत राहिलं. ओंडका माझ्यावरून उलटला आणि वाटाड्याला घेऊन कड्याकडे गेला.

तो खालच्या डोहात सापडला. माणसं सगळी वाचली होती, आणि मी जागच्या जागी होतो.

तिथून माझं नाव झालं. "हाच तो दोर," लोक म्हणायचे आणि माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. माझी उभी हयात कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, आणि आता आतून पोकळ झालो तर कौतुकाला तोटा नाही.

वाटाड्याचं काम त्याच्या धाकट्या भावाने घेतलं. हा गमत्या. पाहुण्यांच्या पायाला जळू लागली की म्हणायचा, "ओळख नसताना एवढी माया कोण करतं हल्ली?" ओढ्यात घसरल्याचं सोंग करायचा, बायाबापड्या किंचाळल्या की दात काढायचा. पण कामाला चोख होता. पावसाळा सरला तसा तो नवा दोर खांद्यावर घेऊन निघाला. टपरीपाशी वहिनीने त्याला अडवलं. ती गोष्ट त्याने नंतर ओढ्याकाठी एका सोबत्याला सांगितली, म्हणून मला कळली.

"तो दोर सोडू नका, भाऊजी," ती म्हणाली होती. "ती गाठ ह्यांनी मारलीय. ह्यांच्या हातचं आता माझ्याकडे तेवढंच उरलंय."

"बरं, तो राहू दे. मी शेजारी नवा बांधतो."

ती म्हणाली, "म्हणजे आपल्या दादाच्या गाठीवर तुमचा भरवसा नाही?"

त्याने खांद्यावरचा दोर उतरवला. नवा दोर टपरीतच राहिला. अहो, गाठीवर माझाही भरवसा होता. ती गाठ हत्तीलाही सुटली नसती. नासलो होतो मी. पण मला कोण विचारतो? विचारलं असतं तरी मला तोंड कुठे होतं?

आणि त्याहून वाईट एक गोष्ट झाली. धाकट्याने मला लटकणं सोडून दिलं. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचा, "दादाच्या दोराची परीक्षा मी कशी घेऊ?" त्याऐवजी तो मला दोन बोटं लावायचा आणि ती कपाळाला टेकवायचा. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्या दोन बोटांच्या जागी त्याने दोन्ही पाय उचलायला हवे होते. काठावरच कोसळला असता, ढोपर फुटलं असतं आणि सगळे हसले असते.

असंच एके दिवशी पाणी मांडीएवढंच होतं. तो नेहमीसारखा पहिला उतरला, पाहुणे काठावर थांबले. मध्यावर शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि त्याचा सगळा भार माझ्यावर आला. मी मधोमध तुटलो. काठावर लोक हसले. वाटभर तो सोंगं करत आला होता, हेही त्यांना सोंगच वाटलं. एकाने टाळीसुद्धा वाजवली. तो माझं तुटकं टोक धरून कड्यापर्यंत गेला. त्याने हाक मारली की नाही, हे धबधब्याच्या आवाजात मलाही कळलं नाही.

तोही त्याच डोहात सापडला.

काही दिवसांनी ती आली. इतकी वर्षं बूट भाड्याने देणारी ती बाई त्या वाटेने कधी वर चढलीच नव्हती. हातात कोयता होता. झाडापाशी येऊन तिने नवऱ्याची गाठ चाचपली. गाठ जशीच्या तशी होती. ती बराच वेळ झाडाला डोकं टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही सांगून ठेवलं होतंत. मीच ऐकलं नाही." मग तिने पहिला घाव गाठीवर घातला. गाठ तुटताना मला जेवढं दुखलं, तेवढं ओंडक्यानेही दुखलं नव्हतं. नंतर तिथेच बसून तिने माझे हातभर तुकडे केले.

आता मी टपरीत बूट पेलतो. माझा एक तुकडा तिच्या मिठाच्या पिशवीचा बंद झालाय, त्यामुळे मी तिच्याबरोबर रोज ओढ्यावर जातो. लोकांना आता तीच नेते. दर पावसाळ्यानंतर नवा दोर लावते, स्वतः गाठ मारते. तिची गाठ त्याच्यासारखी देखणी नाही. लोकांना उतरवण्याआधी ती दोराला लटकते, पदर खोचून, दोन्ही पाय उचलून. लोक हसतात. त्यांचं चूक नाही, पिकल्या केसांची बाई झाडाला लोंबकळताना पाहून कुणालाही हसू येईल.

पण तुम्ही आलात तर हसू नका. काठावर थांबा आणि तिचे पाय परत जमिनीला लागेपर्यंत दोराला हात लावू नका. एवढंच माझं मागणं आहे. लटकलेली असताना ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटते. लोकांना वाटतं देवाचं नाव घेतेय. मी तिच्या खांद्यावर असतो, मला ऐकू येतं. ती दोराला म्हणत असते, "तुटायचं असेल तर आत्ता तूट."